टोपणावरचा दोरा

आज जे लिहितो आहे ते सांगणं मी दहा-अकरा वर्षं टाळलं. टाळायला फारसे कष्ट पडले नाहीत, कारण कुणी विचारलंच नाही. विचारू शकेल अशी एकच व्यक्ती होती. तिनं आपण होऊन विचारायचं नाही असं ठरवलं होतं, हे मला अगदी अलीकडे कळलं. शकुंतला रेणुसे, म्हणजे पुण्याच्या कसबा पेठेतल्या रफूवाल्या शकूताई, सात आठवड्यांपूर्वी गेल्या. सकाळी त्यांच्या जाऊबाईंचा, रत्नाबाईंचा फोन आला. "मोघेसाहेब ना? आमच्या ताई गेल्या. वहीत तुमचा नंबर होता म्हणून केला." मी अरेरे म्हणालो, कधी, कशानं, ते विचारलं. झोपेतच गेल्या, हृदय बंद पडलं, वय एकाहत्तर. फोन ठेवला आणि समोरचा गार झालेला चहा तसाच पिऊन टाकला. त्यांच्या वहीत माझा नंबर अजून होता… त्या दिवशी मी एवढाच विचार करत राहिलो.

रफू म्हणजे शिवण नव्हे, हे नव्या वाचकांना सांगायला हवं. कापडाला भोक पडलं की त्याच कापडाच्या आतल्या, न दिसणाऱ्या भागातून धागे काढायचे आणि ते भोकावर उभे-आडवे विणून भोक नाहीसं करायचं. शकूताई हे काम सासऱ्यांकडून शिकल्या. नवरा लवकर गेला, दीरही गेले, आणि घरात उरल्या दोघी जावा. थोरल्या शकूताई दुकान बघत, धाकट्या रत्नाबाई घर. रत्नाबाई हडपसरच्या पलीकडच्या गावच्या, मोकळ्या तोंडाच्या. शकूताईंचं बोलणं मोजकं आणि धारेचं. दोन पायऱ्या चढून जायचं त्यांचं दुकान इतकं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की दुसऱ्यानं पायरीवर थांबायचं. बाहेर पाटी होती, 'येथे रफू करून मिळेल. घाई असल्यास नवीन घ्यावे.' माझ्या पत्नीच्या शालीवर उदबत्ती पडली, तेव्हा मी पहिल्यांदा तिथे गेलो. शाल परत घेताना मी भोकाची जागा शोधू लागलो तर म्हणाल्या, "दोऱ्याचं टोक शोधताय? ते सापडलं तर मी दुकान बंद करीन." टोक लपवणं हीच त्यांची खरी कला होती. गाठ मारायची नाही, टोक दिसू द्यायचं नाही, आणि तरी दोरा सुटता कामा नये.

त्या काम करत असताना पापणी लवत नसे. माझ्या हे लगेच लक्षात आलं, कारण त्या वेळी माझा धंदाच तो होता. मी औषधनिर्माणशास्त्राचा माणूस. एका कंपनीच्या गुणवत्ता विभागात आयुष्य काढलं आणि निवृत्तीनंतर पुण्यातल्याच एका नेत्ररुग्णालयाच्या संशोधन विभागात औषधांचा हिशोब ठेवायला लागलो. डोळे कोरडे पडण्याच्या विकारावर एक नवीन थेंबाचं औषध आलं होतं आणि आमच्याकडे त्याची चाचणी चालू होती. हा विकार दिसायला किरकोळ असतो. डोळ्यांत खडा गेल्यासारखं वाटतं, जळजळ होते, सकाळी पापण्या चिकटतात, आणि गंमत म्हणजे कित्येकांच्या डोळ्यांतून कोरडेपणामुळेच पाणी वाहतं. पण ज्याचं पोट डोळ्यांवर आहे त्याला तो किरकोळ राहत नाही. शकूताईंना बारीक धागा दुपारनंतर दिसेनासा झाला होता. मीच त्यांना म्हणालो, आमच्याकडे येऊन बघा. यात कुणाची बळजबरी नव्हती, आणि पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्या चांगुलपणानं झाली, हेही इथे नोंदवून ठेवतो.

पहिल्या तपासणीत खालच्या पापणीत कागदाची एक बारीक पट्टी अडकवतात, पाच मिनिटं डोळे मिटून बसायला सांगतात आणि पट्टी किती भिजली ते मोजतात. शकूताई मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "म्हणजे रडायची परीक्षा. यात मी नापासच होणार." खरंच झाल्या, म्हणून चाचणीत आल्या. मग संमतिपत्र. बहुतेक लोक ते चाळून सही करतात. यांनी ओळन् ओळ वाचली, मधे डोळे मिटून बसायच्या, पुन्हा वाचायच्या. मी समजावून सांगत होतो. काही बाटल्यांत औषध असेल, काहींत औषध सोडून बाकी सगळं असलेलं साधं द्रावण असेल, कोणाला काय मिळालं ते शेवटपर्यंत कुणालाच कळणार नाही. त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही, ते समजलं. तुम्हालाही माहीत नाही?" मी म्हणालो, नाही. "डॉक्टरीणबाईंना?" नाही. "मग आपल्या तिघांत शहाणं कोण, मोघेसाहेब?" चाचणीच्या डॉक्टर शेजारीच बसल्या होत्या, त्या हसल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या होत्या, हुशार होत्या, आणि कागदपत्रांच्या बाबतीत पूर्णपणे माझ्यावर विसंबून असत. एका ओळीवर मात्र शकूताई थांबल्या. हे औषध दुसऱ्या कोणत्याही व्यक्तीस देऊ नये, अशी ती ओळ होती. "घरातल्यांना पण नाही?" घरातल्यांना पण नाही, मी म्हणालो. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग सही केली. त्या गप्प बसण्याचा अर्थ मी त्या वेळी विचारला असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, दिवसातून चार वेळा. प्रत्येक थेंबाची नोंद रोज एका छोट्या डायरीत करायची आणि तीन आठवड्यांनी बाटली परत आणून द्यायची. शकूताईंची डायरी अजून डोळ्यांसमोर आहे. 'दुपारी डावीकडचा थेंब गालावर पडला. दुसरा घातला.' 'आज सुई पहिल्या फटक्यात ओवली.' गालावर पडलेला थेंब लिहिणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आम्ही परत आलेली बाटली काट्यावर ठेवून वजन करायचो. देताना किती होतं, आता किती आहे, यावरून किती थेंब वापरले ते कळतं. लोक विसरतात, आळस करतात आणि डायरीत मात्र सगळ्या खुणा करून आणतात. काटा ते पकडतो. तो काटा माझ्या ताब्यात होता आणि मला त्याचा अभिमान होता. नव्या मुलींना मी शिकवायचो, आकडा जसा दिसला तसा लिहायचा, चूक झाली तर खोडायचं नाही, वरून एक आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. यात लाज नाही, असंही मी शिकवायचो.

तिसऱ्या वेळी शकूताईंनी आणलेल्या बाटलीच्या टोपणाला तांबडा दोरा गुंडाळलेला होता. टोपण अगदी छोटं, गुळगुळीत. रफूवाल्यांची बोटं कोरडी आणि गुळगुळीत झालेली असतात, पकड येत नाही. म्हणून त्यांनी दोऱ्याचे पाच-सात वेढे दिले होते, एकाला एक चिकटून, जणू टोपण कारखान्यातून तसंच आलं आहे. पण बाटलीला बाहेरचं काहीही लागलं असेल तर ते काढून मगच वजन करायचं असा नियम. मी दोरा काढायला गेलो तर टोक सापडेना. नखानं पाहिलं, चिमट्यानं पाहिलं. टोक कुठे गेलं होतं ते त्यांनाच ठाऊक. शेवटी ठरवलं, आधी नुसत्या बाटलीचं वजन घेऊ, मग दोरा कापून टोपणाचं घेऊ आणि बेरीज करू. बाटलीचं वजन एका चिठोऱ्यावर पेन्सिलनं लिहिलं, बाटलीच्या तोंडाला चिकटपट्टी लावली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून बोलावणं आलं, चाचणीवर देखरेख करणारे पाहुणे पुढच्या आठवड्यात येणार होते, त्याची बैठक. मी टोपण काट्याच्या खणात ठेवलं आणि वर गेलो. तासाभरानं परत आलो, चिठोऱ्यावरचा आकडा फॉर्मवर उतरवला, बाटली पाकिटात घालून पाकीट सील केलं. टोपणाची बेरीज राहिली. एवढीच गोष्ट आहे. सांगायला अर्धा परिच्छेद लागला.

आकडेमोडीनंतर दिसलं की बाटलीतून तीस-पस्तीस थेंब जास्त गेले आहेत. म्हणजे एका माणसाच्या चार दिवसांचे. डायरीत तर सगळं जिथल्या तिथे. असं एकाच प्रकारे घडतं अशी माझी समजूत होती, घरात कुणीतरी वाटेकरी असतो. पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा बाहेरच्या बाकांवर दहा-बारा जण बसले होते. मी त्यांना आत बोलवायला हवं होतं. खिडकीतूनच विचारलं, "शकूताई, घरात आणखी कुणाच्या डोळ्यांना त्रास आहे का?" त्या म्हणाल्या, "आहे. जावेच्या." खोटं बोलणाऱ्या माणसानं हे उत्तर दिलं नसतं. मला ते पुराव्यासारखं वाटलं. मग मी विचारलं, थेंब तिला दिलेत का. "नाही." मी म्हणालो, वजन वेगळं सांगतंय. त्या म्हणाल्या, "वजन काय सांगतंय ते तुम्ही सांगा. मी काय केलं ते मी सांगते. मी एक थेंब कुणाला दिला नाही." बाकांवरचे लोक ऐकत होते, हे मला दिसत होतं. मी म्हणालो, "ताई, काटा खोटं बोलत नाही." शकूताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "मग मी बोलते, असं लिहा," त्या म्हणाल्या, "फक्त अक्षर नीट काढा." आणि पायऱ्या उतरून गेल्या.

त्यांना चाचणीतून काढायची सक्ती कोणत्याही नियमात नव्हती. थेंब जास्त गेले म्हणून एक नोंद करून पुढे जाता आलं असतं. मी डॉक्टरांना म्हणालो, बाटलीला दोरा गुंडाळलेला, हिशोब जुळत नाही आणि बाई कबूल करत नाही, अशा माणसाच्या बाकीच्या उत्तरांवर तरी विश्वास कसा ठेवायचा? डॉक्टरांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि शकूताईंना चाचणीतून काढल्याच्या कागदावर सही केली.

महिन्याभरानं काट्याचा खण साफ करताना ब्रशच्या मागे टोपण सापडलं. पाहताक्षणी कळलं. तरी मी ते काट्यावर ठेवलं, फॉर्म काढला, आकडा मिळवून पाहिला. दोऱ्याचं चिमूटभर वजन सोडलं तर बाटली डायरीशी जुळत होती, गालावर पडलेल्या थेंबासकट. आता एक आडवी रेघ, बरोबर आकडा, सही, तारीख, आणि कसब्यात एक फेरी, इतकंच करायचं होतं. मी खुर्चीवर बसून राहिलो. पाहुणे मधल्या काळात येऊन माझ्या नोंदींचं कौतुक करून गेले होते. एक वजन चुकलं म्हटल्यावर बाकीची तपासली गेली असती. ती सगळी बरोबर निघाली असती, याची मला खात्री होती. म्हणजे भीतीही खरी नव्हती. मला फक्त त्या खिडकीशी उभं राहून दुसरं वाक्य बोलायचं नव्हतं. मी टोपण शर्टाच्या खिशात टाकलं.

पुढचा भाग मला जास्त जड जातो. चाचणी संपली, कोणत्या बाटलीत काय होतं ते उघड झालं. नवीन औषध साध्या द्रावणापेक्षा काही विशेष सरस ठरलं नाही. साध्या द्रावणानंही डोळ्यांना ओलावा मिळतो, कित्येकांना बरं वाटतं. यादीत मी शकूताईंचा क्रमांक पाहिला. त्यांच्या बाटलीत साधं द्रावणच होतं. ज्या थेंबांनी त्यांना पहिल्या फटक्यात सुई ओवता आली, साधारण तसे थेंब कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळतात. हे त्यांना एका फोनवर सांगता आलं असतं. पण तो फोन केला असता तर दुसरी गोष्टही सांगावी लागली असती, म्हणून केला नाही. त्यांनी आमच्या रुग्णालयात येणं सोडलं होतंच. पेठेत कुणीतरी मला सांगितलं, की त्या आता डोळ्यांत काहीही घालत नाहीत, डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणतात, "एकदा गेले होते, चोर होऊन आले." हळूहळू त्यांनी बारीक काम बंद केलं. शाली गेल्या, शालू गेले. मग दुकान फक्त सकाळी दोन तास उघडं राहू लागलं.

तीन-चार वर्षं अशी गेली. मग एक दिवस मी लग्नातला लोकरी कोट कपाटातून काढला. त्याच्या बाहीला कसर लागून भोक पडलं होतं. कोट मी कधीच घालत नव्हतो, पण कसब्यात जायला कारण मिळालं. रिक्षात वाक्य घोटत गेलो. शकूताई, तुमचं बरोबर होतं, चूक माझी होती, टोपणाचं वजन धरायचं राहिलं. तीन तुकड्यांचं वाक्य. पायऱ्या चढलो तेव्हा त्या डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून बसल्या होत्या. फडकं काढून पाहिलं, ओळखलं. "बसा," म्हणाल्या आणि आत गेल्या. जरा वेळानं परत आल्या, समोर बसल्या, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, "बोला."

मी म्हणालो, "बाहीला कसर लागलीय."

त्यांनी कोटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "बरं," त्या म्हणाल्या, "दोरा आतल्या शिवणीतून काढावा लागेल. वेळ लागेल." तीन आठवडे लागले. कोट आणायला गेलो तेव्हा त्यांनी बाही माझ्यापुढे पसरली आणि म्हणाल्या, "दाखवा भोक." मला सापडलं नाही. "चला, बरं झालं. मलाही हल्ली दिसत नाही." त्या हसल्या, मीही हसलो, आणि कोट हातावर टाकून पायऱ्या उतरलो. रत्नाबाई सांगतात, ते त्यांचं शेवटचं रफू.

शकूताई गेल्यावर चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. टोपण खिशात होतं. रत्नाबाईंनी पाणी दिलं, समोर बसल्या. त्यांचे डोळे लाल होते. रडून असतील असं मला वाटलं, तर त्याच म्हणाल्या, "नाय ओ, हे रडायचं नाय, हे माझं जुनंच हाय. त्या वक्ताला तर लई जळजळायचे. ताईच्या त्या बाटलीकडं बघून म्हनलं होतं, एक थेंब घाल की माझ्या डोळ्यात, कोन बघतंय? तर म्हनली, सही केलीया, नाय जमायचं. म्हैनाभर बोलले नाय मी तिच्याशी. एका चुलीवर दोघी, आन् तोंडातून शब्द नाय." मी ग्लास खाली ठेवला. संमतिपत्रातल्या त्या ओळीवर शकूताई का गप्प बसल्या होत्या, ते मला दहा-अकरा वर्षांनी कळलं.

"तुमच्यावर राग नव्हता तिचा," रत्नाबाई पुढे म्हणाल्या. "डाक्टरांवर होता. तुमचं नाव निघालं की म्हनायची, मोघेसाहेब मुद्दाम करनारा मानूस नाय, मोजायला चुकले असतील. ध्यानात आलं की येतील सांगायला. मी का विचारू? तुम्ही तो कोट घेऊन आला होता बघा, तवा ती आत आली आन् मला हळूच म्हनली, आले बघ…" रत्नाबाईंनी पदरानं डोळे टिपले, पाणी रडण्याचं की जुन्या दुखण्याचं ते मला कळलं नाही. मग सरळ माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "काय सांगायला आला होता ओ तवा?"

खिशात हात होता. टोपण बोटांना लागत होतं. ऐकायला शकूताई नव्हत्या, पण रत्नाबाई होत्या, आणि महिनाभराचा अबोला त्यांच्याही वाट्याला आला होता. मी म्हणालो, "काही नाही. कोटच द्यायचा होता." रत्नाबाईंनी मान हलवली आणि चहा टाकायला उठल्या.

म्हणून हे लिहिलं. हा लेख ज्या अंकात छापला जाईल तो त्यांच्या घरी जाईल अशी व्यवस्था मी केली आहे. शेजारचं कुणीतरी त्यांना वाचून दाखवील, त्यांना स्वतःला बारीक अक्षर वाचवत नाही. त्यासोबत डोळ्यांच्या साध्या थेंबांची बाटली आणि आमच्या त्या जुन्या डॉक्टरांचा पत्ता पाठवणार आहे. डॉक्टरांना मी गेल्या आठवड्यात भेटून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, सही माझीही होती." रत्नाबाईंना त्या स्वतः तपासणार आहेत.

टोपण माझ्या लिहिण्याच्या टेबलावर आहे. दोऱ्याचा तांबडा रंग थोडा उतरला आहे, पण एकही वेढा सैल झालेला नाही. आज सकाळी भिंग घेऊन पुन्हा टोक शोधलं. सापडलं नाही. कापायला कात्री शेजारीच होती, पण कापवलं नाही. कसब्याकडे जाताना रिक्षात घोटलेलं ते वाक्य अजून जसंच्या तसं पाठ आहे, तीन तुकड्यांचं… शकूताई, तुमचं बरोबर होतं. चूक माझी होती. टोपणाचं वजन धरायचं राहिलं.